टाइप मामींचं भुयार

टाइप मामी स्वतःच्या हातांकडे कधी बघत नसत. घेवडा मोडताना त्यांची नजर रस्त्यावर असे, फुलं ओवताना समोरच्या घरी कोण आलं त्यावर, आणि कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतताना तर त्या सरळ माझ्याकडे बघून बोलत असत. धार थेंबभरही इकडेतिकडे जात नसे. पहिल्या दिवशी मी घाबरून ओरडले, "मामी, सांडेल!" तर म्हणाल्या, "हाताकडे पाहिलं कीं सांडतं, पोरी. हातास त्याचं काम ठाऊक असतं. आपण मधे पडूं नये."

हे त्यांच्या धंद्यातून आलेलं होतं. कुंभकोणमला त्यांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. मी आले तेव्हा क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पुढच्या खोलीत आठ मशीन मेणकापडाखाली तशीच मांडलेली होती, एखाद्या वर्गात मुलं डोक्यावर चादर घेऊन झोपावीत तशी. गल्लीत त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. रिक्षावाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या 'टाइप मामी'. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंग काटकुळं, आणि बोटं मात्र सदा चालू. बोलता बोलता मांडीवर, ओट्यावर, एकदा तर माझ्या पाठीवरसुद्धा त्यांनी काहीतरी टाइप केलं होतं. मी विचारलं, काय लिहिलंत? "लिहिलं, कीं ही फार काळजी करिते."

काळजी मी करतच होते. आम्ही खानापूर तालुक्यातले, सांगलीकडचे. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात कुठे कुठे जातात, त्याला आम्ही गलाई म्हणतो. माझ्या नवऱ्याचं गलाईचं दुकान कुंभकोणमला, म्हणून लग्नानंतर मी तिथे आले. माझी शाळा नववीत सुटली होती. आई अंथरुणाला खिळली, घरात मी थोरली, दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. इंग्रजीचं पुस्तक तर मी कोरंच धाकटीला दिलं. तर अशी मी, तमिळचं अक्षर नाही, गॅस बंद केला का हे तीनदा बघणारी, मामींच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले.

पहिल्याच आठवड्यात मी हरवले. भाजी आणायला निघताना मी खूण म्हणून एक गोपुर लक्षात ठेवलं होतं. आमच्या गावात एकच देऊळ, त्याचं शिखर दिसलं की घर आलं. इथे मी ज्या गोपुराच्या रोखानं परत चालले ते दुसरंच निघालं, त्याच्या पलीकडे तिसरं, आणि दोन तासांनी मी कोणत्याशा तळ्याच्या पायरीवर पिशवी घेऊन रडत बसले. नवऱ्याच्या दुकानातल्या माणसानं मला शोधून आणलं. त्यानंतर तीन महिने मी कोपऱ्यापलीकडे गेले नाही.

मामींना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "गोपुर पाहून घर शोधतेस? ह्या गांवांत? त्याहून कावळा पाहून शोधायचं होतंस!"

मामींचं हे मराठी ऐकून मी प्रथम दचकलेच होते. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावरला आले, आणि भाषा तेव्हा जी बरोबर आणली तीच जपून वापरत राहिले. मधे मधे तमिळ शब्द, आणि बाकी सगळं एखाद्या जुन्या पत्रातून वाचून दाखवल्यासारखं. माझा नवरा म्हणायचा, "मामी बोलायला लागल्या की मला मुजरा करावा वाटतोय." पण घरापासून इतक्या लांब कोणीतरी 'पोरी' म्हणतं, एवढ्यानंच माझा जीव भांड्यात पडायचा.

दुपारी चारच्या सुमाराला मामी घरापुढच्या ओट्यावर येऊन बसत. हातात एक करड्या रंगाचा, वीट छाटून निम्मी करावी एवढा खेळ. क्लास बंद झाला तेव्हा सिंगापूरला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं आणून दिलेला. "मामी, तुमची बोटं रिकामी राहिली तर तुम्ही आजारी पडाल," म्हणाला होता. त्याच्या हिरवट पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून तो उन्हाकडे धरून खेळावा लागे. त्यात पेन्सिल सेल घालायचे आणि एकच खेळ चालायचा: दहा मजली भुयार. वर नाही, खाली उतरत जाणारं. तळाशी काहीतरी ठेवलेलं आहे, ते गाठायचं. पडद्यावर फक्त समोरची भिंत किंवा दार दिसतं. आपण कुठे आहोत, मागे काय राहिलं, हे खेळ सांगत नाही.

मी शेजारी बसून शेंगा सोलत बघायची. एकदा त्यांनी तो माझ्या हातात दिला, बटणं दाखवली. दोन पावलं गेले आणि समोर गाढवाएवढा उंदीर उभा. मी किंचाळले, "मामी, आला! घ्या, तुम्ही घ्या!"

मामींनी शांतपणे खेळ माझ्या हातातून घेतला, ओट्यावर ठेवला, आणि आत निघून गेल्या. कॉफी केली. घेऊन आल्या. मला दिली, स्वतः घेतली. भांडी विसळून आल्या. मग म्हणाल्या, "पाहा आतां. उंदीर कुठें आहे?"

उंदीर होता तिथेच होता.

"इथला नियम पहिला. आपण हललों नाहीं तर इथलें कांहींच हलत नाहीं. तूं पाऊल टाकलंस तरच तो टाकील. तूं एक, तो एक. मग कशास भितेस? विचार करायास पाहिजे तितका वेळ आहे."

मला आजवर कोणी इतका वेळ दिला नव्हता. मी त्या उंदराकडे बघत राहिले. पिशवीत काय आहे ते पाहिलं, मागे दार होतं ते आठवलं, आणि एक पाऊल मागे घेतलं. तोही एकच पाऊल पुढे आला. मला हसू फुटलं. त्या दिवसापासून रोज चार वाजता माझी शाळा भरू लागली.

दुसरा नियम मशालीचा. मशाल वेळेच्या हिशोबानं जळत नसे, पावलांच्या हिशोबानं जळे. दोनशे पावलांना एक मशाल; विझली की पडदा काळा. "म्हणून उभें राहण्यास खर्च नाहीं," मामी म्हणत, "भटकण्यास आहे." तिसरा नियम कुप्यांचा. भुयारात रंगीत कुप्या सापडत, कुठली औषधाची आणि कुठली विषाची हे प्यायल्याशिवाय कळत नसे. मी आपली मरणाच्या दारात पोचल्यावरच कुपी उघडायची. मामी चिडायच्या. "अनोळखी वस्तु अंगांत बळ असतां चाखून पाहावी. अडचणींत पाहशील तर बरें झालें तरी कळणार नाहीं, वाईट झालें तरी उपाय नाहीं." मी ते ऐकलं, आणि त्याच आठवड्यात, सगळं ठीक असताना, भाजीवालीशी पहिल्यांदा तमिळमध्ये बोलले. तिनं मला कोथिंबिरीऐवजी पुदिना दिला. पण दिला.

खेळातलं लिहिणं इंग्रजीत होतं. माझं सगळं इंग्रजी त्या भुयारातलं आहे. शाप, विष, सापळा, गंजलेली तलवार ह्यांना इंग्रजीत काय म्हणतात हे मी झोपेतही सांगीन. बँकेत मात्र फॉर्म समोर आला की त्यातला एक शब्द ओळखीचा नाही. नवरा म्हणाला, "मॅनेजरला विचार की, इथं सापळा कुठाय ते!"

आत शिरताना खेळ नाव विचारी, इंग्रजी चार अक्षरांत. मामी आपलं नाव कधी घालत नसत. विद्यार्थ्यांची घालत. मणी, राजा, बाबू, वासू. आणि त्या भुयारात मेलं की मेलं. परत पहिल्या मजल्यापासून नवा माणूस, भुयार मात्र तेच. मेलेल्यांची यादी खेळ जपून ठेवी: कोण, कितव्या मजल्यावर. मामी ती यादी निकालासारखी वाचून दाखवत. "बाबू, पहिला मजला. क्लासांतही तसाच, पहिल्याच ओळींत कागद फाडायचा. राजा, सहावा. हुशार, पण घाई फार. आतां ही उषा आंत उतरली आहे. उषा माझी सर्वांत चांगली. तिला मी आठव्यावर आणिली आहे."

उषावर त्यांचा एवढा भरवसा का, ते मला हळूहळू कळलं. मामी पडद्याकडे सरळ बघत नसत. कोंबडीसारखी मान वळवून कडेनं बघत. मला ती लकब वाटायची. एकदा त्यांनी सहज सांगितलं की डोळ्याच्या मधोमध शाईचा डाग पडल्यासारखं झालंय, कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डाग वाढतोय. डॉक्टर म्हणाले, थांबणार नाही. मुलगी कोईम्बतूरला, ती म्हणते इकडे ये. "जाईन. पण ह्या भुयाराचा तळ मला माझ्या डोळ्यांनीं पाहायाचा आहे. बारा वर्षें उतरतें आहें. तितकें होईपर्यंत डाग थांबावा."

त्यानंतर मी शेंगा घेऊन बसणं सोडलं. मी नकाशे काढायला लागले.

नकाशाची रीत मामींचीच होती, आणि ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती. रोज पहाटे उंबऱ्यापुढे त्या तांदळाच्या पिठाची रांगोळी घालत, कोलम म्हणतात तिकडे: आधी ठिपके, मग ठिपक्यांभोवती हात न उचलता फिरणारी रेघ. भुयाराचा प्रत्येक मजला सोळा घरं लांब, सोळा घरं रुंद. तर मामी टायपिंगच्या जुन्या परीक्षांच्या कागदांमागे सोळा-सोळा ठिपके मांडत. ठिपका म्हणजे पाय ठेवायची जागा, रेघ म्हणजे भिंत. चाललेल्या प्रत्येक पावलाची नोंद. मला त्यांनी पहिला नकाशा काढायला दिला तो मात्र भुयाराचा नव्हता, गावाचा होता. आमचं घर हा मधला ठिपका. पानवाला, पिठाची गिरणी, नवऱ्याचं दुकान. "गोपुर एकही घालूं नकोस," म्हणाल्या. "आधीं खालचे रस्ते. वर पाहणें मागाहून." रोज एक ठिपका वाढवायचा आणि परत यायचं. पेन्सिल सेल आणायच्या निमित्तानं मी अशी सव्वीस ठिपके लांब गेले.

आणि मग उषा मेली. त्यात माझा हात होता, आणि मामींच्या चाळीस वर्षांच्या पहाटांचाही.

आठव्या मजल्याचा नकाशा निम्म्याहून जास्त झाला होता. डावीकडच्या खोल्या आणि उजवीकडच्या खोल्या हुबेहूब जुळत होत्या. वरचा कोपरा जुळला, मधला चौक जुळला. मशाल थोडी उरली होती. मी कागद मांडीवर घेऊन बसले होते. मामींनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि माझ्याकडे बघत, हात न उचलता, उरलेला अर्धा भाग एका रेघेत पुरा केला. इतकी देखणी रेघ! "इकडे हें असें, तर तिकडेही असेंच. जिना इथें." मी पण मान डोलावली. मलाही तेव्हा रोज उंबऱ्यापुढे बसून तेच दिसायला लागलं होतं, की अर्धं काढलं की अर्धं आपोआप येतं. आम्ही त्या न पाहिलेल्या वाटेनं भराभर निघालो. जिथे जिना असायला हवा होता तिथे भिंत. वळलो, तर जिथे वाट हवी तिथे खड्डा. मशाल विझली. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, आणि उषा यादीत गेली. आठवा मजला.

मामींची बोटं थांबली. मग म्हणाल्या, "भुयार बांधणारा कोलम घालणारा नव्हता."

मी रडायला लागले. मीच बरोबर होते, मीच हटकायला हवं होतं. तर म्हणाल्या, "पोदुम, पोदुम. पुरे. मी काढिलें, तूं मानिलेंस. दोघींचे गुण सारखे." पण खेळ त्यांनी टाइपरायटरच्या खणात ठेवला, आणि दोन दिवस चार वाजता ओटा रिकामा राहिला. मला कळत होतं, की पुन्हा पहिल्यापासून आठ मजले उतरायचे तर तेवढे दिवस त्या डोळ्यांकडे नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. खेळ चालू करून माझ्या हातात दिला. "नांव घाल. तुझें."

"माझं? नको मामी. त्या मेलेल्यांच्या यादीत माझं नाव?"

"मरशील तर यादींत. न मरशील तर कशास?"

"पण मणी घालू. मणी अजून—"

"मणी, बाबू, ते माझ्या डोळ्यांनीं चालत होते. माझे डोळे आतां पुरत नाहींत. ज्याचे डोळे त्याचें नांव. चार अक्षरें पाहिजेत, तुझ्या आईबापांनीं मोजून ठेविली आहेत. एल, ए, टी, ए."

मी नाव घातलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, त्यात काय? आणि तू मेलीस तर मी हाय की खाली भाकरी घेऊन यायला." मी त्याला लाटणं दाखवलं.

मी बघायचे आणि सांगायचे: समोर भिंत, डावीकडे दार, दारापलीकडे आवाज. मामी बटणं दाबायच्या. कारण बटणांना डोळे लागत नव्हते. माझी नजर, त्यांची बोटं. पण नकाशा? तो त्यांना आता दिसत नव्हता, आणि न पाहता रेघ मारायची खोड तर आम्हाला नडली होती. मग मी तांदळाचं पीठ ओलं करून फळीवर दाट ठिपके आणि रेघा काढल्या. वाळल्यावर त्या बोटाला लागत. मामींनी त्यावरून हात फिरवला आणि लहान मुलीसारख्या खूश झाल्या. तीन मजले आम्ही असे फळीवर काढून भिंतीला लावून ठेवले. एका सकाळी बघते तर दुसऱ्या मजल्यावर मुंग्यांची रांग.

"मामी, अहो मुंग्यांनी दुसरा मजला खाल्ला!"

"खाऊं दे. कोलम घालतात तो त्यांच्यासाठींच." मग थोडं थांबून, "पूर्वेकडली भिंत खाल्ली काय? तिकडून जवळ पडलें असतें."

मग मला माझ्या घरचं काहीतरी आठवलं. आई गोधडी शिवायची. ठिगळं कशीही, एकाला एक न जुळणारी, पण टाका असा उठावाचा की अंधारात हात फिरवला तरी कुठलं ठिगळ ते कळावं. मी नवऱ्याच्या जुन्या लुंगीवर नकाशा शिवला. ठिपक्याला गाठ, भिंतीला टाका, जिन्याला शर्टाचं बटण. जे पाहिलं तेवढंच शिवायचं, न पाहिलेलं कोरं ठेवायचं. मामी म्हणाल्या, "तुझ्या आईनें हें भुयार एकदांत उतरलें असतें." माझी आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. कोणी तिचं कौतुक केल्याला त्याहून जास्त.

सातव्या मजल्यावर असताना मामींची मुलगी गाडी घेऊन आली. डोळे आता कडेलाही धुरकटले होते, कॉफी मात्र तरीही सांडत नव्हती. मामींनी सामानात फार काही घेतलं नाही. लुंगीचे नकाशे उशाच्या पिशवीत घातले. खेळ माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "हा तुमचा आहे." म्हणाल्या, "तो डोळ्यांचा आहे. रविवारीं चार वाजतां फोन करीन. तूं दाबायाचें, मी सांगेन. आणि हें पाहा, हाताकडे पाहूं नकोस."

दर रविवारी मी ओट्यावर फोन मोठ्या आवाजावर ठेवून बसायची. मी सांगायचे, समोर काय आहे. पलीकडे कोईम्बतूरला मामी लुंगीवर बोट फिरवत असायच्या; ते कापडाचं खसखसणं मला ऐकू यायचं. "थांब. तेरावी गांठ. इथून उजवीकडे कोरें आहे, एक पाऊल टाक आणि सांग." नव्या मजल्यांची कापडं मी टपालानं पाठवायची. पोस्टाची खिडकी, कोईम्बतूरचा पत्ता, सगळं मी एकटीनं. पोस्टमास्तर विचारायचे, काय आहे? मी तमिळमध्ये सांगायचे, "रस्ता."

दहाव्या मजल्याला आम्ही पोचलो तो रविवार मला आठवतो, कारण ओट्यावर मी, नवरा, पानवाला आणि समोरच्या घरातल्या दोघीजणी असे सगळे जमले होते. शेवटचं दार. मी कान लावला; आत आवाज नाही. उघडलं. खोलीच्या मधोमध एक दिवा.

"मामी, दिवा आहे! तळाशी दिवा आहे!"

फोनमध्ये मामी खदखदून हसल्या. "दिवा? अय्यो! बारा वर्षें! दिवाच पाहिजे होता तर नाचियार्कोविलची बस धरायाची होती!" आमच्या कुंभकोणमशेजारचं ते गाव पितळी दिव्यांसाठीच ओळखलं जातं. पानवाल्याला मी तमिळमध्ये समजावलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

दिवा उचलला. पडद्यावर ओळ आली. मी अक्षर अक्षर लावून वाचली आणि माझा चेहरा पडला. "मामी, संपलं नाही. लिहिलंय, आता दिवा घेऊन वर या."

"म्हणजे दहा मजले परत?"

"परत."

मला वाटलं त्या निराश होतील. तर त्यांच्या आवाजात असा आनंद होता, की सणाला माहेरून बोलावणं यावं. "वाहवा! उतरणें अर्धेंच असतें, पोरी. हें मला आधींच कळायास पाहिजे होतें. आतां नकाशे कामास येतील. घाई करूं नकोस."

आम्ही घाई केली नाही. रविवारी एखादा जिना, कधी नुसत्याच गप्पा. नऊ, आठ, आठव्यावर उषा पडली त्या खड्ड्यापाशी मामींनी मला थांबायला सांगितलं, कापडावर तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "ही जागा सोडून जा." सात, सहा, पाच, चार. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी आम्ही खेळ जपून ठेवला आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी चारला फोन आला तो मुलीचा होता. मामी पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

महिन्याभरानं टपालानं कापडांचा गठ्ठा परत आला. मुलीनं लिहिलं होतं की अम्मा तिसऱ्या मजल्याचं कापड रात्री उशाशी घेऊन झोपे, बोट जिन्यावर ठेवून. मी बघितलं. जिन्याचं बटण लोंबत होतं. दोरा पार झिजला होता.

ते बटण मी शिवलं. मग बरेच दिवस खेळाला हात लावला नाही. एकदा नवरा नवे सेल आणून ओट्यावर ठेवून गेला. मी चार वाजता बसले. कापड मांडीवर, नजर पडद्यावर. हाताकडे पाहिलं नाही. तिसरा, दुसरा, पहिला. शेवटचं दार उघडल्यावर पडदा पांढरा झाला, पहिल्यांदाच एवढा उजळ, की उन्हापासून वळून बघावा लागला. यादी आली. बाबू, राजा, वासू, उषा, प्रत्येकापुढे मजला. माझं नाव त्यात नव्हतं. ते वर होतं, एकटं, आणि पुढे लिहिलं होतं: बाहेर आली.

मी सगळ्या गल्लीला सांगितलं. पानवाल्यानं विडा दिला. आता मी कुठेही जाते. नवऱ्याचं दुकान, पोस्ट, बँक, नाचियार्कोविलची बस. नव्या गलाईवाल्यांच्या बायका माझ्याकडे रस्ता विचारायला येतात. गॅस मी अजूनही तीनदा बघते. ते काही सुटलं नाही.

पण त्या दिवशी सगळे गेल्यावर मी खेळ परत चालू केला. त्यानं नाव विचारलं. मी चार अक्षरं दाबली. एम, ए, एम, आय.

पहिला मजला. मशाल पूर्ण, दोनशेच्या दोनशे. पिशवी रिकामी. समोर एक दार, बंद. मी तसंच जपून ठेवलं आणि बंद केलं. कधीमधी चार वाजता उघडून बघते. मशाल दोनशे. दार बंद. मामी उभ्या आहेत, विचार करताहेत. मी एकही बटण दाबत नाही. आपण हललो नाही तर तिथलं काहीच हलत नाही.